विश्लेषण : व्हॅलेंटाइनचा हृदयाकृती चॉकलेट बॉक्स आला कुठून? कोण होते रिचर्ड कॅडबरी?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा म्हणजे नोकरदारांसाठी ऐन धावपळीचा काळ. मार्चअखेरची कामे डोक्यावर, सुट्टी शिल्लक नाही आणि १३ तारखेला रात्री घरी परतताना अचानक आठवते, की उद्या व्हॅलेंटाइन डे! मग स्टेशनबाहेरच्या दुकानातून लाल हृदयाच्या आकाराचा चॉकलेटचा बॉक्स उचलला जातो. त्यामागे विचार किती आणि घाई किती, हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. गंमत म्हणजे घाईची भेट म्हणून ओळखला जाणारा हा बॉक्स सुमारे दीडशे वर्षांपूर्वी ज्याने तयार केला, तो स्वतः बुडता व्यवसाय सावरण्यात आकंठ बुडालेला होता. शिवाय तो अशा पंथात वाढला होता, जिथे सण साजरे करण्यालाच मान्यता नव्हती. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या रिचर्ड कॅडबरी यांची ही कहाणी.

रिचर्ड कॅडबरी कोण होते?

रिचर्ड यांचा जन्म २९ ऑगस्ट १८३५ रोजी बर्मिंगहॅममध्ये झाला. वडील जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये शहरातील बुल स्ट्रीटवर चहा-कॉफीचे दुकान थाटले होते. तेथे ते कोको आणि चॉकलेटचे पेयही विकत. १८३१ पासून त्यांनी स्वतः कोको तयार करण्यास सुरुवात केली. त्या काळी चॉकलेट हा खाण्याचा नव्हे, तर पिण्याचा पदार्थ होता, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

कॅडबरी कुटुंब क्वेकर पंथाचे. या ख्रिस्ती पंथाचे लोक साधी राहणी, सचोटी आणि अहिंसा काटेकोरपणे पाळत. सगळे दिवस देवाचेच, मग एखाद्या दिवसाचे वेगळे कौतुक कशाला, अशी त्यांची धारणा असे. त्यामुळे सणवार, नाच-गाणे, भपकेबाज कपडे या साऱ्याकडे संशयानेच पाहिले जाई. जॉन कॅडबरी तर सत्तरी गाठेपर्यंत आरामखुर्चीत बसले नाहीत, असे सांगतात. इंग्लंडमधील धार्मिक अटींमुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे या मंडळींना दीर्घकाळ बंद होती आणि सैन्यात जाणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. त्यामुळे हुशार क्वेकर मुलांपुढे व्यापार हाच मार्ग उरे. ब्रिस्टलचे फ्राय आणि यॉर्कचे राउनट्री हे त्या काळातील इतर दोन मोठे कोको उत्पादकही क्वेकरच होते. दारूला पर्याय म्हणून कोको विकणे त्यांना नीतीच्या दृष्टीनेही पटत असे.

या शिस्तीच्या घरात रिचर्ड यांचा स्वभाव थोडा वेगळा होता. त्यांना चित्रे काढण्याचा नाद होता. हिवाळ्यात बर्फावर स्केटिंग करणे, डोंगर भटकणे त्यांना आवडे. स्वित्झर्लंडच्या प्रवासात त्यांनी निसर्गचित्रे रेखाटली. हा छंद पुढे थेट धंद्याच्या उपयोगी पडेल, असे तेव्हा कुणाला वाटले नसावे. १८५० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षीच ते वडिलांच्या कारखान्यात रुजू झाले.

व्यवसाय बुडण्याच्या मार्गावर का होता?

१८५४ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राजघराण्याला पुरवठा करण्याचा मान कॅडबरींना मिळाला होता. पण पुढच्याच वर्षी रिचर्ड यांच्या आईचे, कँडिया यांचे क्षयाने निधन झाले. जॉन खचले. त्यांची स्वतःची प्रकृतीही ढासळली आणि कारखान्याकडे दुर्लक्ष होत गेले. १८६१ मध्ये त्यांनी सूत्रे मुलांकडे सोपवली, तेव्हा रिचर्ड २५ वर्षांचे होते आणि धाकटे बंधू जॉर्ज अवघे २१ वर्षांचे. कामगार मूठभर उरले होते, गिऱ्हाइके तुटत होती.

दोघा भावांनी आईकडून मिळालेल्या वारशातून प्रत्येकी चार हजार पौंड धंद्यात घातले. कामाची वाटणी झाली. कारखाना जॉर्ज यांनी सांभाळायचा आणि विक्री, हिशेब, गिऱ्हाइके रिचर्ड यांनी. त्याच वर्षी रिचर्ड यांचे एलिझाबेथ ॲडलिंग्टन यांच्याशी लग्न झाले. म्हणजे नवा संसार आणि तोट्यातला कारखाना एकाच वेळी गळ्यात पडला. जॉर्ज अविवाहित होते. पैसे वाचवण्यासाठी त्यांनी चहा, कॉफी, वर्तमानपत्र सारे सोडले. (वर्तमानपत्र सोडणे आम्हाला अर्थातच पटणारे नाही.) रिचर्ड यांना मात्र घर चालवायचे होते. काही वर्षांतच त्यांच्या भांडवलापैकी जेमतेम ४५० पौंड उरले, तर जॉर्ज यांच्याकडे १५०० पौंड.

धंदा बंद पडलाच तर काय करायचे, हेही दोघांनी ठरवून ठेवले होते. रिचर्ड जमीन मोजणीच्या कामाला लागणार होते आणि जॉर्ज हिमालयाच्या पायथ्याशी चहाचे मळे लावायला भारतात येणार होते! तसे झाले असते तर कॅडबरी हे नाव आपल्याकडे चहाच्या पुड्यावर दिसले असते. पण कर्ज काढायचे नाही आणि आपले पैसे संपण्याआधी धंदा बंद करून सर्वांची देणी चुकवायची, हा नियम त्यांनी पाळला. १८६४ च्या सुमारास नावापुरता का होईना, नफा दिसू लागला.

चॉकलेट बॉक्सची कल्पना कशी सुचली?

येथे थोडे तंत्र समजून घ्यावे लागेल, कारण या प्रेमभेटीचा उगम एका यंत्रात आहे. कोकोच्या बियांचा जवळपास निम्मा भाग स्निग्ध असतो. त्यालाच कोको बटर म्हणतात. त्यामुळे कोकोच्या पेयावर तेलकट तवंग येई. तो लपवण्यासाठी उत्पादक त्यात बटाट्याचे पीठ, साबुदाण्याचे पीठ वगैरे मिसळत. कॅडबरीही याला अपवाद नव्हते. काही उत्पादक तर रंगासाठी विटांची भुकटी घालण्यापर्यंत जात.

नेदरलँड्समधील फान हाउटेन यांनी बियांतील स्निग्धांश दाबून काढणारे यंत्र १८२८ मध्येच शोधले होते. डच भाषेचा गंध नसताना जॉर्ज कॅडबरी शब्दकोश घेऊन तिकडे गेले आणि ते यंत्र विकत घेऊन आले. उरलेसुरले पैसे त्यात गेले. १८६६ मध्ये कॅडबरींची ‘कोको इसेन्स’ ही शुद्ध पावडर बाजारात आली. रिचर्ड यांनी तिचे नमुने डॉक्टरांकडे धाडले. वैद्यकीय नियतकालिकांनी शुद्धतेची प्रशंसा केली. लंडनच्या घोड्यांच्या बसगाड्यांवर जाहिराती झळकल्या. भेसळीविरुद्ध ब्रिटनमध्ये वातावरण तापत होतेच. १८७२ आणि १८७५ मध्ये त्यासाठी कायदेही झाले. शुद्ध माल विकणाऱ्या कॅडबरींना याचा मोठा फायदा झाला.

पण दाबून काढलेल्या कोको बटरचे करायचे काय? ते ढिगाने साठू लागले. फ्राय यांनी १८४७ मध्येच कोको बटर वापरून खाण्याच्या चॉकलेटची वडी तयार केली होती. कॅडबरींनीही तोच मार्ग धरला आणि आत फळांच्या चवीचे सारण असलेली नाजूक चॉकलेटे तयार केली. थोडक्यात, आज प्रेमाचे प्रतीक मानले जाणारे चॉकलेट ही कारखान्यातील उरलेल्या मालाची सोय होती.

ही चॉकलेटे महाग होती. कागदाच्या पुडीत बांधून ती विकली तर कोण घेणार? त्या काळी दिमाखदार बॉक्स फ्रान्समधून येत. आपले बॉक्स आपणच सजवायचे, असे रिचर्ड यांनी ठरवले आणि चित्रांची जुनी हौस कामाला आली. स्वित्झर्लंडची दृश्ये, फुले, मुले त्यांनी स्वतः रंगवली. १८६८ पासून हे चित्रांचे बॉक्स बाजारात येऊ लागले. सुरुवातीच्या एका गाजलेल्या बॉक्सवर मांडीवर मांजराचे पिल्लू घेतलेली लहान मुलगी होती. तिच्यासाठी रिचर्ड यांची लेक जेसी हीच नमुना होती, असे मानले जाते. जाहिरातीसाठी चित्रकार आणि मॉडेल शोधायला पैसे नव्हते की घरच्या मुलीचे चित्र काढण्यातच त्यांना आनंद होता, हे सांगणे कठीण. दोन्हीही असेल.

मग हृदयाचा आकार कधी आला?

ब्रिटनमध्ये १८४० मध्ये एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली आणि व्हॅलेंटाइनच्या शुभेच्छापत्रांचे पेव फुटले. जाळीदार कागद, रेशमी फिती, छापील हृदये आणि बाणधारी मदन यांनी सजलेली ही कार्डे लोक निनावी पाठवत. समोरच्या व्यक्तीने पाठवणाऱ्याचे नाव ओळखायचे, हा त्यातला खेळ. पण कार्डासोबत द्यायचे काय, याला ठरलेले उत्तर नव्हते. ऐन फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये ताजी फुले दुर्मीळ. दागिने सगळ्यांना परवडणारे नाहीत. शिवाय लग्न न ठरलेल्या मुलीला दागिना देणे रीतीला धरून नव्हते.

ही जागा रिचर्ड यांनी हेरली. कार्डावरचे हृदय त्यांनी बॉक्सच्या आकारात आणले आणि झाकणावर गुलाबाची फुले व मदन काढले. या बॉक्ससाठी सर्वसाधारणपणे १८६८ हेच वर्ष सांगितले जाते. चॉकलेट संपल्यावर बॉक्स फेकला जाऊ नये, याची काळजी त्यांनी घेतली होती. स्त्रिया त्यात पत्रे, केसांच्या पिना, रिबिनी, आठवणीच्या वस्तू ठेवत. काही बॉक्स मखमलीचे अस्तर लावलेले असत. म्हणजे चॉकलेट चार दिवसांत संपले, तरी देणाऱ्याची आठवण टेबलावर वर्षानुवर्षे राही. भेट निवडताना आज जो प्रश्न पडतो, की हे दिल्यानंतर त्याचे पुढे काय होणार, तो रिचर्ड यांनी कारखान्यातच सोडवून ठेवला होता. कामाच्या रगाड्यात अडकलेल्या गिऱ्हाइकाचे निम्मे काम दुकानातच होऊन जाई. उरलेले निम्मे, म्हणजे आत चिठ्ठीत काय लिहायचे, ते तेव्हाही त्यालाच करावे लागे.

एवढी चलती होऊनही रिचर्ड यांनी हृदयाकृती बॉक्सचे पेटंट घेतले नाही, असे सांगितले जाते. त्यामुळे इतर उत्पादकांनी तो आकार सर्रास उचलला.

रिचर्ड यांचे स्वतःचे आयुष्य कसे होते?

चॉकलेट बॉक्सच्या बहुतेक लेखांत ही गोष्ट येत नाही. ज्या १८६८ मध्ये हे बॉक्स बाजारात आले, त्याच वर्षाच्या अखेरीस एलिझाबेथ यांचे निधन झाले. चौथ्या बाळंतपणानंतर त्या वाचल्या नाहीत. बॅरो, जेसी, विल्यम आणि नुकताच जन्मलेला रिचर्ड अशी चार लहान मुले मागे राहिली. लग्नाला अवघी सात वर्षे झाली होती आणि त्यातली बहुतेक वर्षे धंदा जगवण्यात गेली होती. दुसऱ्यांच्या प्रेमासाठी बॉक्स रंगवणाऱ्या या माणसाच्या घरी त्या वर्षी नाताळात शोककळा होती.

रिचर्ड कामावर परतले. सकाळी लवकर कारखान्यात हजर राहणे, पण शक्य तेवढा वेळ मुलांसोबत घालवणे, असा त्यांचा क्रम राहिला. १८७१ मध्ये त्यांनी एम्मा विल्सन यांच्याशी विवाह केला. या विवाहातून त्यांना मुली झाल्या. त्यांतील हेलन यांनी पुढे वडिलांचे चरित्र लिहिले. सर्वांत धाकट्या बिअ‍ॅट्रिस यांची कथा तर वेगळ्याच वळणाची. त्यांनी डच शिक्षणतज्ज्ञ केस बुके यांच्याशी लग्न केले आणि श्रमाविना येणारा पैसा नको, म्हणून कॅडबरीतील आपल्या वाट्याच्या समभागांवर पाणी सोडले. वडिलांचा साधेपणा मुलीने टोकाला नेला म्हणायचे.

रिचर्ड यांना कोकोच्या इतिहासाचाही नाद होता. १८९२ मध्ये त्यांनी ‘हिस्टोरिकस’ या टोपणनावाने कोकोची समग्र माहिती देणारे पुस्तक लिहिले. स्वतःच्या मालाविषयीचे पुस्तक स्वतःच्या नावाने न छापणारा उद्योजक आज शोधूनही सापडणार नाही.

कामगारांसाठी काय केले?

धंदा वाढला तशी बर्मिंगहॅमच्या धुरकट मध्यवस्तीतील जागा अपुरी पडू लागली. दोघा भावांनी १८७८ मध्ये शहराच्या दक्षिणेला सुमारे चार मैलांवर साडेचौदा एकर जमीन घेतली. शेजारून बोर्न नावाचा ओढा वाहत होता. त्याला फ्रेंच वळणाचे ‘व्हिल’ जोडून बोर्नव्हिल हे नाव तयार झाले, कारण चॉकलेटमध्ये तेव्हा फ्रेंचांचा दबदबा होता. १८७९ मध्ये कारखाना तेथे हलला. कामगारांसाठी मैदाने, बाग, जेवण गरम करण्याची सोय होती. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी देण्याची पद्धत तर भावांनी आधीच सुरू केली होती. कामाच्या आठवड्यात माणसाला स्वतःसाठी आणि घरासाठी काही तास मिळायलाच हवेत, ही भूमिका त्या काळच्या कारखानदारीत दुर्मीळ होती.

जवळच्या आदर्श वसाहतीचे श्रेय प्रामुख्याने जॉर्ज यांना जाते. रिचर्ड यांनी वृद्धांसाठी ३३ घरांचा आश्रम बांधला आणि मोझली हॉल ही आपली वास्तू आजारातून उठलेल्या मुलांच्या विश्रामगृहासाठी दिली.

अर्थात सारेच गोड नव्हते. चॉकलेटे भरण्याचे, बॉक्सवर फिती बांधण्याचे काम प्रामुख्याने अविवाहित मुली करत. लग्न झाले की नोकरी सोडावी लागे. निरोप देताना वधूला बायबल आणि फूल भेट मिळे. संसार सांभाळणे हेच विवाहितेचे काम, ही त्या काळची समजूत कॅडबरींनाही मान्य होती. प्रेमाच्या भेटी बांधणाऱ्या हातांना प्रेम जुळले की रोजगार गमवावा लागत होता. कितीही सुंदर बायबल दिले, तरी हा हिशेब चुकतोच.

दुसरा डाग रिचर्ड यांच्या मृत्यूनंतर समोर आला. पोर्तुगालच्या ताब्यातील साओ टोमे आणि प्रिन्सिपे बेटांवर अंगोलातून आणलेल्या मजुरांना गुलामासारखे राबवून कोको पिकवला जात होता. कॅडबरी तेथून कोको घेत. रिचर्ड यांचे पुत्र विल्यम यांच्या कानावर १९०१ मध्ये ही बाब आली. चौकशी, पत्रव्यवहार, सरकारदरबारी खेटे यांत वर्षे गेली आणि खरेदी थांबवण्यास १९०९ साल उजाडले. या दिरंगाईवर टीका करणाऱ्या एका वृत्तपत्रावर कॅडबरींनी बदनामीचा खटला भरला. निकाल त्यांच्या बाजूने लागला खरा, पण ज्यूरींनी भरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे तेव्हाचे सर्वांत लहान नाणे.

शेवट कसा झाला?

१८९९ च्या सुरुवातीला रिचर्ड कुटुंबासह इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या प्रवासाला गेले. वाटेत त्यांचा घसा दुखू लागला. तो घटसर्प होता. २२ मार्च १८९९ रोजी जेरुसलेममध्ये त्यांचे निधन झाले. वय होते ६३. दोघांपैकी एक गेल्यास भागीदारीचे रूपांतर मर्यादित कंपनीत करायचे, असे भावांनी आधीच ठरवले होते. त्यानुसार त्याच वर्षी कॅडबरी ब्रदर्स लिमिटेड स्थापन झाली. जॉर्ज अध्यक्ष झाले आणि रिचर्ड यांचे पुत्र बॅरो व विल्यम संचालक मंडळावर आले. मूठभर कामगारांचा कारखाना तोवर अडीच हजारांवर गेला होता.

ज्या डेअरी मिल्कमुळे हे नाव जगभर पोहोचले, ते १९०५ मध्ये आले. रिचर्ड यांनी ते कधी चाखले नाही. भारतात कंपनी १९४८ मध्ये आली आणि मराठी घरांत कुठल्याही चॉकलेटला सरसकट ‘कॅडबरी’ म्हणण्याची सवय लागली. ठाण्यात पूर्व द्रुतगती मार्गावरचा चौक तर कारखान्यामुळे ‘कॅडबरी जंक्शन’च झाला. संध्याकाळी तेथे अडकलेल्या गर्दीत १४ फेब्रुवारीला लाल बॉक्स हातात घेतलेले चार-दोन जण हमखास दिसतात.